छातीला मार्चपर्यंतची मुदत

आत्माराम बोरगावकर जर्मनीत अकरा वर्षांत एकदाही आजारी पडला नाही. म्हणजे कागदोपत्री.

प्रत्यक्षात या काळात त्याची कंबर दोनदा धरली, एकदा दाढ सुजून गाल बटाट्यासारखा झाला, उजव्या गुडघ्यात पाणी झालं आणि सहा वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला तो वाढलाच. पण हे सगळे आजार त्याने डिसेंबरपर्यंत थोपवून धरले आणि पुण्याला नेऊन दाखवले. कोथरूडला त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान विष्णूभाऊजी यांचा दवाखाना आहे. लोक परदेशातून येताना चॉकलेटं आणतात. आत्माराम वर्षभराचे आजार घेऊन येई. परत जाताना त्याच्या बॅगेत भाजणीच्या पिशवीशेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या असत, पुढच्या डिसेंबरपर्यंत पुरतील इतक्या.

याला कंजूषपणा म्हणता येणार नाही. जर्मनीत डॉक्टरकडे गेलं तर खिशातून काही द्यावं लागत नाही, ते सगळं क्रांकनकासे नावाची सरकारमान्य आरोग्य विमा संस्था पाहते आणि तिची वर्गणी पगारातून न विचारता कापली जाते. आत्मारामची अडचण वेगळी होती. नेकारसुल्म या गावी आल्यावर पहिल्याच महिन्यात कँटीनमध्ये एका जुन्या मराठी सहकाऱ्याने त्याला सांगितलं होतं, "इथे डॉक्टरकडे गेलास की लिहिलं जातं. लिहिलं की राहतं. उद्या कुठला खासगी विमा काढायला गेलास की तीच फाइल तुझ्यासमोर ठेवतील. फाइल कोरी ठेव." असा सल्ला जर्मनीतल्या बहुतेक मराठी इंजिनिअरांना कोणी ना कोणी दिलेला असतो. पहिला सणसणीत ताप आला की ते तो विसरतात. आत्माराम विसरला नाही. पुढे तो सल्ला देणारा स्वतः पाठीच्या ऑपरेशनसाठी तीन महिने रजेवर गेला. तेव्हाही आत्मारामने त्यातून काढायचा तो धडा काढला नाही.

त्याचं नाव आजोबांचं. संगमनेरच्या घरात पहिल्या नातवाला ते नाव देणं भाग होतं आणि शाळेत त्यावरून जे ऐकून घ्यायचं ते त्याने ऐकून घेतलं. जर्मन सहकाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच त्यातला राम काढून टाकला. तेव्हापासून कारखान्यात कोणी "आत्मा!" अशी हाक मारली की तो कॉफीचा कप घेऊन शांतपणे वर पाहतो.

काम कारच्या दाराच्या कुलपांचं. गावातल्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत तो गुणवत्ता विभागात आहे. दार नीट लागतं की नाही हे पाहणारे वेगळे. आत्मारामला पगार मिळतो तो ते दार कोणकोणत्या तऱ्हेने दगा देईल याची कल्पना करण्याचा. थंडीत गोठेल, अपघातात उघडेल, अपघातानंतर उघडणार नाही. अशा कल्पना तो भारतातली वर्षं धरून अठरा वर्षं करत आला आहे, आणि त्याच्या कुलपांनी आजवर कोणाला दगा दिलेला नाही.

गेल्या फेब्रुवारीपासून चढ चढताना त्याच्या छातीवर कोणी तरी तळहात ठेवू लागलं. दुखत नसे. फक्त एक जड हात, जरा थांब म्हणणारा. थांबलं की दोन मिनिटांत तो हात निघून जाई.

गावामागे शॉयरबर्ग ही द्राक्षमळ्यांची टेकडी आहे. रविवारी तिथे फिरायला जाणं हा बोरगावकरांचा एकमेव जर्मन छंद. बायको शमिका पुढे, तेरा वर्षांची उर्जा कानात इअरफोन घालून तिच्या पुढे, आणि आत्माराम मागे. वाटेवर चार अवघड वळणं आहेत. चारही वळणांवर त्याला फोटो काढावासा वाटू लागला. थांबायला कारण लागतं, आणि निसर्गप्रेमावर कोणी शंका घेत नाही.

हा हात तो नेहमीप्रमाणे डिसेंबरमध्ये विष्णूभाऊजींना दाखवणार होता. पण उन्हाळ्यात शमिकाचे आईवडील दोन महिने राहून गेले, रजा त्यात संपली आणि यंदाचं पुणं रद्द झालं.

अशा वेळी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी त्याने कौमुदीचं व्याख्यान ऐकलं.

कौमुदी कोलोनला राहते. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आली होती. तिसऱ्या वर्षी ते सोडून तिने विमा सल्लागाराची परीक्षा दिली, आणि आता ती जर्मनीभरच्या मराठी माणसांना त्यांच्या मरणाविषयी आणि त्याच्या अलीकडच्या टप्प्यांविषयी मराठीत समजावून सांगते. महाराष्ट्र मंडळाने सकाळी अकराला ऑनलाइन कार्यक्रम ठेवला होता. अडतीस लोक हजर, कॅमेरे चार चालू, त्यातल्या एकात नुसता फोडणीचा धूर.

"पहिली गोष्ट," कौमुदी म्हणाली, "भारतात तुमच्या काकांनी क्रिटिकल इलनेसचा विमा काढला म्हणून तुम्ही काढू नका. तिकडे हॉस्पिटलचं बिल ही भीती असते. इकडे बिल कासे भरते. इकडची भीती पगाराची. आल्झो, म्हणजे बघा, आजारी पडलात की सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. मग कासे देते, त्याहून कमी, साधारण दीड वर्षापर्यंत. त्यानंतर सरकार जे देतं त्याला पेन्शन म्हणतात, कारण त्याला दुसरं काही म्हणणं बरं दिसत नाही."

मग तिने दोन विमे समजावून सांगितले. एकाला इथे सगळे बेऊ म्हणतात, कारण त्याचं पूर्ण नाव उच्चारेपर्यंत माणसाला धाप लागते. तुमचं नेहमीचं काम तुम्हाला निम्मंही करता येईना झालं, आणि हे निदान सहा महिने तसंच राहणार असेल, तर बेऊ दरमहा पैसे देतो. कारण काहीही असो, पाठ, मन किंवा अपघात. दुसरा गंभीर आजारांचा. त्यात यादी असते. यादीतला आजार, यादीत लिहिलेल्या तीव्रतेचा झाला की एकरकमी पैसे मिळतात, मग तुम्ही पुढच्या महिन्यात कामावर हजर झालात तरी.

"आणि यादीत नसलेला झाला तर?" कोणी तरी विचारलं.

"तर लवकर बरे व्हा," कौमुदी म्हणाली. "लोक कामावरून घरी बसतात ते सगळ्यात जास्त मनाच्या आजारांनी आणि पाठीने. ते दोन्ही साधारण या यादीत नसतात. म्हणून आधी बेऊ बघा. तो मिळत नसेल, परवडत नसेल, किंवा स्वतःचा धंदा असेल, तर यादीकडे वळा. आणि बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ पॉलिसींत काही आजारांना सुरुवातीचे तीन महिने प्रतीक्षाकाळ असतो, त्या आधी झाला तर धरत नाहीत. निदान झाल्यावर काही दिवस जगावंही लागतं. अठ्ठावीस वगैरे."

चॅटमध्ये एकाने हसरा चेहरा टाकला आणि लगेच काढून घेतला.

आत्मारामने यातलं 'आधी बेऊ' एवढं वाक्य सोडून बाकी सगळं लिहून घेतलं. यादी म्हटल्यावर त्याला बरं वाटलं होतं. त्याचं आयुष्य याद्यांवर चाललेलं होतं, आणि या यादीत पहिल्याच ओळीत हृदय होतं.

संध्याकाळपर्यंत त्याचं वेळापत्रक तयार झालं, तीन रंगांत. नोव्हेंबरमध्ये अर्ज आणि सही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्रतीक्षाकाळ, या काळात चढ टाळणे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्थानिक डॉक्टरकडे जाणे आणि छातीबद्दल प्रथमच बोलणे. फाइल सहीपर्यंत कोरी, नंतर काय लिहितील ते लिहोत. त्या तक्त्यात एकही चूक नव्हती. या रकान्यांप्रमाणे थांबायला छाती तयार आहे का, एवढंच त्यात धरलेलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी उर्जाला शाळेत गावाच्या द्राक्षशेतीवर पाच मिनिटं बोलायचं होतं. फोटो हवे होते. तिने बाबाचा फोन घेतला आणि थोड्या वेळाने तो आईपुढे धरला.

"मामा, कुक माल," ती म्हणाली. आई, बघ जरा.

शमिका शेजारच्या हाइलब्रॉनला एका कीटामध्ये, म्हणजे पाळणाघरवजा बालवाडीत काम करते. दिवसभरात वीस मुलं तिच्या हाताखालून जातात. पोट दुखतंय हे तीन वर्षांचं मूल सांगत नाही. ते कोपऱ्यात जाऊन गाडी उलटी धरून खेळत बसतं. शमिकाला ते लांबून कळतं. फोनमध्ये एकशे बेचाळीस फोटो होते. चार जागांचे. तिने ते सगळे वरपासून खालपर्यंत पाहिले. आत्माराम आला तेव्हा ती टेबलाशी बसलेली होती आणि फोन तिच्यासमोर होता.

"हे काय आहे रे?"

"द्राक्षं."

"फेब्रुवारीत?"

आत्मारामने फोनमध्ये पाहिलं. फेब्रुवारीत द्राक्षवेल म्हणजे जमिनीत खोचलेली काळी काठी असते. तशा काठ्यांचे एकोणीस फोटो होते.

"वेली," तो म्हणाला. "त्यांची छाटणी बघण्यासारखी असते."

"पापा माख्ट दा इमर पाउझे," उर्जा दारातून म्हणाली. पापा तिथे नेहमी थांबतो. हे तिला फेब्रुवारीपासून माहीत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ती बोलली नव्हती. या बाबतीत ती पूर्ण बोरगावकर होती.

शमिकाने तिला आत पाठवलं. मग म्हणाली, "आता सांग."

आत्मारामने सांगितलं. हात, चढ, दोन मिनिटं. सांगताना त्याला वाटलं की हे नुसतं सांगण्यापेक्षा कागद दाखवला तर ती शांत होईल, म्हणून त्याने दोन छापील पानं आणली. एक वेळापत्रक. दुसरा त्याच्या कामावरचा तक्ता, घरासाठी वापरलेला. असा तक्ता कार बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीत असतो. प्रत्येक भाग कसा बिघडू शकेल ते लिहायचं आणि त्याला एक ते दहा असे तीन आकडे द्यायचे. बिघाड किती वाईट, किती वेळा होईल, आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचायच्या आत सापडणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार करायचा. शंभराच्या वर गेला तर काही तरी करायलाच लागतं. खाली राहिला तर कॉफी प्यायला जाता येतं.

तक्त्यात तीन ओळी होत्या: आत्माराम, शमिका, उर्जा. 'आत्माराम, हृदय' यापुढे नऊ, तीन आणि दोन. चोपन्न.

"मला पण टाकलंयस यात," शमिका म्हणाली.

"तुझा फक्त छत्तीस आहे."

"थँक्यू. हा तिसरा आकडा काय म्हणालास?"

"सापडणं. सहज सापडत असेल तर आकडा कमी."

"आणि तू स्वतःला दोन दिलेस."

"मला कळतंच ना माझं मला."

"आणि गिऱ्हाईक कोण यात?"

अठरा वर्षांत हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, कारण तिथे गिऱ्हाईक कोण ते ठरलेलं असतं. शमिकाने उर्जाच्या कंपासमधली पेन्सिल घेतली, दोन खोडले आणि दहा लिहिले. गुणाकार तिने केला नाही. दोनशे सत्तर होतात हे त्याला न करता कळलं.

मग तिने वेळापत्रक पाहिलं. "म्हणजे छातीला तू मार्चपर्यंत मुदत दिलीस."

"तीन महिने प्रतीक्षाकाळ असतो. त्याआधी निदान झालं तर—"

"तिला कळवलंस का?"

"कोणाला?"

"छातीला. पत्र वगैरे? इथे सगळं पत्राने कळवावं लागतं."

शमिका पुढे वाचत होती. "आणि हे काय, अठ्ठावीस दिवस जगणे?"

"ती अट आहे. निदानानंतर अठ्ठावीस दिवस जगलं तर पैसे मिळतात."

"आणि सत्ताविसाव्या दिवशी गेलास तर मी काय करू, दुसऱ्या दिवसासाठी अर्ज करू?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. दिवसभर लहान मुलांशी बोलणाऱ्या बायकांचा आवाज घरी आल्यावर चढत नाही, तो संपतो. "त्या विम्याच्या बाईंना फोन लाव," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

शनिवारी सकाळी कौमुदी पडद्यावर आली. तिच्यामागे फायलींनी भरलेलं कपाट होतं. ती आत्मारामहून दहा वर्षांनी लहान, पण ती त्याला दादा म्हणे आणि तो तिला ताई, त्यामुळे दोघंही सारखेच थकलेले वाटत.

"आरोग्याचे प्रश्न घेऊ या दादा. गेल्या पाच वर्षांत कुठल्या डॉक्टरकडे तपासणी, सल्ला, उपचार?"

"नाही," आत्माराम म्हणाला. हे उत्तर त्याने अकरा वर्षं जपलं होतं.

"विष्णूभाऊजी," शमिका बाजूने म्हणाली.

"कोण विष्णू?"

"माझे मेहुणे. पुण्याला. म्हणजे डॉक्टर आहेत, पण ते घरचे. जेवायला बसलो की पट्टा लावून बीपी बघतात, एवढंच."

खरं तर हा प्रश्न तात्त्विक होता. फराळाच्या ताटासमोर बघितलेला रक्तदाब ही वैद्यकीय तपासणी की आदरातिथ्य? आत्मारामने सहा वर्षांपूर्वीच तो स्वतःपुरता सोडवला होता.

"गोळ्या कोण देतं?" कौमुदीने विचारलं.

"तेच. पण त्या पण घरच्याच म्हणायच्या."

"दादा, लोणचं घरचं असतं. गोळी घरची नसते. प्रश्नात 'जर्मनीतल्या डॉक्टरकडे' असं कुठे लिहिलंय? पुढचा प्रश्न. गेल्या बारा महिन्यांत काही त्रास, डॉक्टरकडे गेला नसलात तरी?"

शमिकाने त्याच्याकडे पाहिलं सुद्धा नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि त्यामुळे त्याला उत्तर देणं भाग पडलं.

"चढताना छाती जड होते," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून."

कौमुदीने पेन खाली ठेवलं. "हा अर्ज मी पाठवणार नाही."

"खरं लिहिलं तर मिळणार नाही ना?"

"खोटं लिहिलंत तर अगदी सहज मिळेल. मिळताना कोणी तपासत नाही. पैसे मागायला गेलात की तपासतात. सगळ्या डॉक्टरांना पत्रं जातात. विष्णूभाऊजींना पण जाईल, आणि ते साधे असतील तर खरं सांगतील. मुद्दाम लपवलंत असं दिसलं तर दहा वर्षांपर्यंत करार रद्द करता येतो. म्हणजे तुम्ही हप्ते भराल आणि विमा नसेल. जर्मनीत असे पुष्कळ लोक आहेत, त्यांना अजून माहीत नाही इतकंच." ती थोडी थांबली. "दादा, मला यातून कमिशन मिळतं. म्हणून माझं ऐका. सोमवारी डॉक्टरकडे जा. मी तोवर तुमचं नाव न सांगता दोन-तीन कंपन्यांना विचारून ठेवते, की असा असा माणूस आहे, घेता का. तसं विचारता येतं. त्याची नोंद तुमच्या नावावर राहत नाही."

'नोंद राहत नाही' हे शब्द ऐकून आत्माराम थोडा सावरला. मग शमिका म्हणाली, "गावातला दवाखाना साडेसातला उघडतो. मी पहिल्या तासाची रजा घेतलीय."

सोमवारी त्या दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंना तो कॉम्प्युटरवर सापडायला वेळ लागला. अकरा वर्षांपूर्वी नाव नोंदवलेलं, धनुर्वाताचं एक इंजेक्शन, त्याखाली काही नाही. तुम्ही मधे परदेशी होतात का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. कधीपासून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने आठ महिने सांगितलं. मग आला का नाहीत, असं विचारल्यावर त्याने कोरी फाइल, प्रतीक्षाकाळ, मेहुणे, सगळं जर्मनमध्ये समजावून सांगितलं. मराठीत जे इतकी वर्षं व्यवस्थित उभं होतं ते जर्मनमध्ये तिसऱ्याच वाक्याला कोसळलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, कागद खिडकीशी नेऊन पाहिला आणि फोन उचलला. ॲम्ब्युलन्स येते आहे हे कळल्यावर आत्मारामने विचारलं, मी लोकल ट्रामने गेलो तर चालेल का, थांबा समोरच आहे.

"नाइन," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे नाही.

हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होत आली होती. मनगटातून तार घालून ती उघडली आणि जाळीची नळी बसवली. मार्चपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं असं शमिकाने हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विचारलं, आणि त्या तरुण माणसाने खांदे उडवून सांगितलं की ते विचारू नका.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्माराम उशीला टेकून फोनवर वाचत होता. कौमुदीने नमुन्यादाखल एका पॉलिसीच्या अटी आधीच पाठवल्या होत्या, बेचाळीस पानं. सव्विसाव्या पानाशी तो थांबला, पुन्हा मागे गेला, पुन्हा वाचलं.

"काय झालं?" शमिका स्टुलावर बसून सफरचंद कापत होती.

"माझं बसत नाही."

"कशात?"

"तीव्रतेत. झटका यायला हवा, किंवा छाती उघडून शस्त्रक्रिया. मनगटातून केलेलं ते धरत नाहीत. म्हणजे मी सगळं वेळापत्रकाप्रमाणे केलं असतं आणि मार्चमध्ये येऊन हेच झालं असतं, तरी काही मिळालं नसतं."

"अरेरे," शमिका म्हणाली आणि त्याच्या हातात फोड दिली.

नाव न सांगता विचारलेल्या तीन कंपन्यांपैकी दोघींनी नकार कळवला, तिसरीने दोन वर्षांनी विचारा म्हणून सांगितलं. आत्मारामला त्याचं फार वाईट वाटलं नाही. सहा आठवडे कंपनीने पगार दिला. पुनर्वसन केंद्रात एक जाडजूड बाई त्याला रोज सायकलवर बसवून ओरडत असे. त्याचं काम खुर्चीत बसून दारांविषयी वाईट कल्पना करण्याचं, ते तो पुढेही करू शकणार होता. हे त्याला कौमुदीने दाखवून दिलं. "तुमच्या घरात एका दिवसात काम बंद पडू शकेल असा माणूस दुसराच आहे," ती म्हणाली. "वीस मुलं रोज कोण उचलतं?"

तेव्हा यादीचा विचार सुटला आणि शमिकासाठी बेऊ काढायचं ठरलं. कौमुदीने यावेळी आधी शमिकाच्या डॉक्टरकडून फाइलची प्रत मागवून घ्यायला लावली. "आपल्याला काय झालं ते माणसं विसरतात. फाइल विसरत नाही," ती म्हणाली. डॉक्टर त्याच, आखूड केसांच्या. जानेवारीत प्रत आली. एका रविवारी सकाळी चहा घेऊन दोघं टेबलाशी बसली. आत्माराम प्रश्न वाचून उत्तरं भरत होता, शमिका सांगत होती. पाठ: दोनदा, फिजिओथेरपी. ॲलर्जी: नाही. झोपेच्या तक्रारी—

त्याने 'नाही'च्या चौकटीवर पेन टेकवलं.

"हो," शमिका म्हणाली.

"कधी?"

"गेल्या मार्चमध्ये. तीन वेळा गेले होते."

"मला बोलली नाहीस."

"नाही बोलले."

त्याने फाइलची पानं उलटली. मार्च, तीन तारखा, पहिल्या तारखेखाली दीड ओळ मजकूर. त्याने तो आधी मनात वाचला. पेशंटला रात्री झोप नाही. कौटुंबिक ताण. पतीला जिना चढल्यावर श्वास लागतो; पती डॉक्टरकडे जाण्यास तयार नाहीत. पतीला घेऊन येण्याचा सल्ला दिला.

आत्मारामची छाती जर्मनीत मार्चपासूनच नोंदलेली होती. बायकोच्या नावावर.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"जिना होतं माहीत. टेकडीचं नव्हतं." तिने चहाचा कप पुढे ओढला. चहा गार झालेला होता, तरी ती प्यायली. "तुला विचारलं असतं तर तू काही नाही म्हणाला असतास. मग मला ते खरं मानायला लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. लिही आता."

त्याने 'हो'च्या चौकटीत खूण केली. खाली कारणासाठी जागा होती. फाइलमधलं जिन्याचं वाक्य त्याने जसंच्या तसं उतरवलं, पती हा शब्द दोनदा, श्वास हा शब्द एकदा. अक्षर तो एरवी तक्त्यात काढतो तसं चौकोनी आलं.

"हे बघून काय करतील ते?" शमिकाने विचारलं.

"बहुतेक मनाचे आजार वगळून बाकीचं देतील. कौमुदीताई म्हणाल्या तसं होतं."

"म्हणजे पाठ गेली तर पैसे. पण तुझ्यामुळे जे होईल ते त्यात धरणार नाहीत."

"हो, तसंच," आत्माराम म्हणाला, आणि सही कुठे करायची ते तिला दाखवलं.